संकटकाळची प्रार्थना आणि बायझंटाईन इतिहासकार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवसांत मागे वळून पाहावे, पूर्वजांचे ऋण आठवावे आणि देवाचे आभार मानावे, ही रीत योग्यच आहे. आपल्या देवळाची पायाभरणी, घंटेची स्थापना, शाळेचा आरंभ इत्यादी वृत्तान्त ह्या मालेतील इतर वक्ते सांगणार आहेत. तो आम्ही त्यांच्याकडेच सोपवितो. आमचा आजचा विषय प्रथमदर्शनी फार दूरचा वाटेल. मध्ययुगात कॉन्स्टॅन्टिनोपल नगरीत जे इतिहासकार होऊन गेले, त्यांच्या ग्रंथांत लोकांच्या उपासनेचे व भक्तीचे कोणते चित्र उमटले आहे, हे आपणांपुढे ठेवावयाचे आम्ही योजिले आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. रोग्याच्या भेटीस जावे, मृताच्या घरी सांत्वनास बसावे, की एक प्रश्न धर्मगुरूच्या कानी हटकून येतो : "फादर, आम्ही नोव्हेना केली, उपास केले, नवस बोललो, मग देवाने आमचे का ऐकले नाही?" ज्यांचे मागणे पुरे झाले ते महोत्सवाच्या मिस्सेला पुढच्या बाकांवर आनंदाने बसतात. ज्यांचे झाले नाही ते कित्येकदा मागच्या दारापाशी उभे राहतात, आणि काहीजण येतही नाहीत. महोत्सव मात्र दोघांचाही आहे. ह्याच प्रश्नाला एका थोर साम्राज्याच्या इतिहासकारांना पिढ्यान् पिढ्या तोंड द्यावे लागले. आपली नगरी प्रार्थनेने वाचली असे त्यांनी लिहिले. आणि प्रार्थना चालू असताही ती पडली, हेही त्यांनीच लिहिले. म्हणून त्यांच्या साक्षीला मोल आहे.

सम्राट कॉन्स्टन्टाईन ह्याने इ. स. ३३० मध्ये बॉस्फरसच्या काठी आपली नवी राजधानी स्थापिली. तीच कॉन्स्टॅन्टिनोपल, आजचे इस्तंबूल. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य पाचव्या शतकात मोडले. पूर्वेकडील १४५३ पर्यंत टिकले. त्यासच विद्वान लोक बायझंटाईन साम्राज्य म्हणतात. तेथील कायदा रोमन, भाषा ग्रीक आणि धर्म ख्रिस्ती. त्यांची ख्रिस्तसभा व रोमची ख्रिस्तसभा ह्या पुष्कळ शतके, अधूनमधून कलह होत असताही, एकाच ऐक्यात नांदल्या. म्हणून त्यांचे कित्येक संत, सण व प्रार्थना आपल्याही आहेत. तेथे इतिहास लिहिणारे लोक नाना प्रकारचे होते : कोणी दरबारी अधिकारी, कोणी मठवासी, कोणी देवळातील उपगुरू, एक तर राजकन्याच. त्यांचा मुख्य विषय राजकारण व युद्ध. भक्तीची वार्ता त्यांच्या ग्रंथांत बहुधा ओघात येते. आणि ओघात आलेल्या साक्षीत बनवाबनवीस वाव थोडा असतो.

आरंभ सहाव्या शतकातील प्रोकोपियस ह्या ग्रंथकारापासून करू. ५३२ साली राजधानीत मोठे बंड झाले आणि त्यात नगरीचे प्रमुख मंदिर जळून गेले. सम्राट जस्टिनियन ह्याने त्याच जागी 'हागिया सोफिया' म्हणजे 'पवित्र ज्ञान' ह्या नावाचे नवे मंदिर बांधविले. सहा वर्षेही लागली नाहीत. ५३७ च्या डिसेंबर महिन्यात त्याचे अर्पण झाले. प्रोकोपियस ह्या वास्तूचे वर्णन करिताना सांगतो की, तिचा प्रचंड घुमट दगडी भिंतींवर टेकलेला न वाटता सोन्याच्या साखळीने आकाशातून टांगल्यासारखा भासतो, आणि आतला उजेड बाहेरच्या सूर्याचा नसून तेथेच उगम पावत असावा असे वाटते. पुढे तो म्हणतो की, प्रार्थनेस येथे पाऊल टाकणाऱ्याचे मन वर उचलले जाते, आणि देव आपल्यापासून दूर नाही, त्याने स्वतः निवडलेल्या ह्या जागी राहणे त्यास आवडत असले पाहिजे, असे त्या मनुष्यास कळून येते. हाच प्रोकोपियस दुसऱ्या एका ग्रंथात त्याच जस्टिनियनवर अतिशय कठोर टीका करितो. राजाची स्तुती त्याने कदाचित राजाज्ञेने केली असेल. परंतु त्या उजेडात उभे राहिल्यावर मनास काय होते ते त्याने स्वतः अनुभवले होते, असे ते शब्द वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

तथापि त्या नगरीची उपासना चार भिंतींच्या आत मावणारी नव्हती. रस्ता हेही तिचे मंदिर होते. नवव्या शतकाच्या आरंभी थेओफानेस नावाच्या मठवाशाने आपला कालवृत्तान्त लिहिला. त्यात पाचव्या शतकातील एका भूकंपाची हकिकत आहे. धक्के थांबेनात, तेव्हा लोक घरे सोडून नगराबाहेरच्या मैदानात गेले आणि पात्रिआर्क, म्हणजे तेथील प्रधान महागुरू, प्रॉक्लस ह्यांजबरोबर रात्रंदिवस लदीन गाऊ लागले. तेव्हा एक बालक आकाशात उचलले गेले व त्यास देवदूतांचे गायन ऐकू आले. देवाला तीन वेळा पवित्र म्हणून दयेची याचना करणारे ते स्तोत्र खाली येऊन त्याने लोकांस सांगितले. लोकांनी ते गाईले आणि पृथ्वी स्थिर झाली, असे थेओफानेस लिहितो. कथेतील चमत्कार कोणी कसाही मानो. ते स्तोत्र ४५१ च्या काल्सेडोन येथील धर्मसभेच्या काळी गाईले जात होते, ह्यास लिखित आधार आहे. आणि आपल्या लॅटिन विधीतही पवित्र शुक्रवारी क्रूसवंदनाच्या वेळी तेच स्तोत्र मूळ ग्रीक शब्दांसह गाण्याची परंपरा आहे. भयभीत झालेल्या, अंगावरच्या वस्त्रानिशी उघड्या माळावर उभ्या असलेल्या लोकांची ती प्रार्थना पंधराशे वर्षांचा प्रवास करून आपल्या देवळात आली आहे, हे पुढच्या पवित्र शुक्रवारी आठवावे.

दुसरा प्रसंग ६२६ सालचा. सम्राट हेराक्लियस इराणच्या मोहिमेवर दूर गेला असता अवार लोकांच्या खानाने राजधानीस वेढा दिला. पलीकडच्या किनाऱ्यावर इराणी फौज उभी होती. नगरीत उरले होते बोनस नावाचे सरदार आणि पात्रिआर्क सर्गियस. त्याच सुमारास लिहिलेल्या 'पास्काल कालवृत्तान्ता'त ह्या वेढ्याची दिवसवार हकिकत आहे. तीत एक गोष्ट अशी आहे की, सभ्य पोशाखातील एक स्त्री तटावर एकटीच फिरताना आपण पाहत आहो, असे स्वतः खान म्हणाला. ती कोण, हे नगरवासीयांस कोणी सांगावे लागले नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर शत्रूच्या नौका बुडाल्या व वेढा उठला. देवमातेच्या सन्मानार्थ उभे राहून गावयाचे जे 'अकाथिस्तोस' स्तोत्र पूर्वेकडील ख्रिस्ती लोक आजही गातात, त्याच्या आरंभीचे आभाराचे कडवे ह्या सुटकेशी जोडलेले आहे. स्तोत्राच्या नावाचा अर्थच 'न बसता' असा आहे.

आणखी एक आनंदाचा दिवस पाहू. १२०४ साली गमावलेली राजधानी १२६१ मध्ये ग्रीकांस परत मिळाली. सम्राट आठवा मायकल ह्याने नगरप्रवेशासाठी १५ ऑगस्ट, देवमातेच्या स्वर्गोन्नयनाचा दिवस, निवडला. इतिहासकार अक्रोपोलितेस तेथे स्वतः हजर होता, इतकेच नव्हे तर त्या दिवशीच्या तेरा प्रार्थना त्यानेच रचिल्या होत्या. तो सांगतो की, 'होदेगेत्रिया', म्हणजे वाट दाखविणारी, ह्या नावाने प्रसिद्ध असलेले देवमातेचे चित्र पुढे ठेविले होते. बुरुजावरून एक महागुरू प्रार्थना म्हणत. सम्राट मुकुटवस्त्र उतरून उघड्या मस्तकाने जमिनीवर गुडघे टेकी आणि त्याच्यामागे सर्व लोक गुडघे टेकीत. मग सम्राट विजयी वीराप्रमाणे घोड्यावर न बसता, त्या चित्राच्या मागून पायी चालत आत गेला. आम्हां भारतीयांस १५ ऑगस्ट हा दिवस दोन कारणांनी प्रिय आहे. त्याच दिवशी एका नगरीने आपले परत मिळालेले स्वातंत्र्य देवमातेच्या पायांशी नेऊन ठेविले होते, ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, हे इतिहासकार म्हणजे भोळे भाविक असावेत. तसे मुळीच नाही. भक्तीच्या नावाखाली जे खोटे चालते त्याची झाडाझडती घेण्यात ते कोणास हार जाणारे नव्हते.

अकराव्या शतकातील स्किलित्सेस हा पात्रिआर्क थेओफिलाक्तोस ह्यांची एक गोष्ट सांगतो. हे सम्राटाचे पुत्र. ९३३ साली, वय अवघे सोळा असता, बापाच्या इच्छेने त्या उच्चासनावर बसले. त्यांस घोड्यांचे विलक्षण वेड. एकदा पवित्र गुरुवारी महामंदिरात विधी चालू असता एका सेवकाने येऊन कानात सांगितले की, आपली लाडकी घोडी व्याली. मग काय! उरलेला विधी कसाबसा आटोपून पात्रिआर्क तबेल्याकडे धावले, शिंगरू डोळे भरून पाहिले, आणि मग प्रभूच्या दुःखसहनाची उपासना पुरी करण्यास परत आले. ही गोष्ट वाचून आपणांस हसू येईल. आम्हां धर्मगुरूंना मात्र ती जपून वाचावी लागते. प्रत्येकाची घोडी निराळी असते, आणि मिस्सा चालू असता कानाशी येऊन कुजबुजणारा सेवकही प्रत्येकास असतो. आजकाल तर तो खिशातच असतो.

त्याच शतकातील मिखाएल प्सेलॉस हा तत्त्वज्ञ व राजमंत्री अधिक खोल जातो. सम्राट तिसरा रोमानोस (१०२८ ते १०३४) ह्यास सॉलोमन व जस्टिनियन ह्यांच्या तोडीचे मंदिर बांधण्याची हौस आली. देवमातेच्या नावाने काम निघाले. डोंगर पोखरले गेले, भिंती उभ्या राहिल्या, त्या पाडून नव्या उभ्या राहिल्या. खजिना रिता झाला आणि त्याची भरपाई प्रजेकडून होऊ लागली. प्सेलॉस कबूल करितो की, देवाच्या घराची शोभा प्रिय असणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु ज्या कामापायी अन्याय होतो, राज्याची घडी विस्कटते, ते काम भक्तीचे कसे म्हणावे, असा त्याचा सवाल आहे. देवाला हवी असते ती सजविलेली भिंत नव्हे, तर नीतीने सजलेले अंतःकरण, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. धर्मग्रामात बांधकामाची वर्गणी जमविणाऱ्या प्रत्येकाने, आमच्यासकट, हे प्रकरण वाचावे.

भक्ती असली म्हणजे न्यायाची गरज नाही, असे त्या ख्रिस्तसभेने राजांसही मानू दिले नाही. ९६९ च्या डिसेंबरात योहान त्सिमिस्केस ह्याने सम्राट निकेफोरोस ह्याचा शयनगृहात खून करविला आणि राज्याभिषेकासाठी तो महामंदिराच्या दाराशी आला. वृद्ध पात्रिआर्क पोल्येउक्तोस ह्यांनी त्यास आत येऊ दिले नाही. कटात सामील असलेल्या सम्राज्ञीस राजवाड्यातून दूर करावे, मारेकरी कोण ते उघड सांगावे, ख्रिस्तसभेवर लादलेले अन्यायाचे हुकूम परत घ्यावे, अशा अटी त्यांनी घातल्या. त्या पुऱ्या झाल्यावरच दार उघडले. उपगुरू लिओ हा इतिहासकार ही हकिकत सांगून पुढे लिहितो की, त्सिमिस्केसने आपली खाजगी मालमत्ता शेतकरी व कुष्ठरोगी ह्यांस वाटून दिली. हाच सम्राट पुढे ९७१ मध्ये बल्गेरिया जिंकून परतला, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी सोनेरी रथ आणिला. त्याने रथात देवमातेचे चित्र बसविले आणि आपण घोड्यावरून मागून चालला. ह्या मनुष्याच्या हातून झालेले पाप त्या मिरवणुकीने पुसले गेले असे लिओ म्हणत नाही. तो दोन्ही गोष्टी लिहून ठेवितो.

राजकन्या ॲना कोम्नेनी हिने आपल्या पित्याचे, सम्राट अलेक्सियोस ह्याचे, चरित्र लिहिले. १०८१ साली पवित्र गुरुवारी अलेक्सियोसच्या सैन्याने राजधानीत शिरून ती लुटली आणि त्या बळावर तो सिंहासनावर बसला. कन्या ही गोष्ट झाकून ठेवीत नाही. ती सांगते की, पित्याने पात्रिआर्क व धर्ममंडळ ह्यांपुढे अपराध कबूल करून प्रायश्चित्त मागितले, आणि चाळीस दिवस तो राजवस्त्राखाली गोणपाट नेसून, रात्री उघड्या जमिनीवर, उशाला धोंडा घेऊन निजला. त्याच्या घरातील स्त्रीपुरुषांनीही हे प्रायश्चित्त आपणहून घेतले. बापाची थोरवी गावयास बसलेल्या मुलीने बापाचा पश्चात्ताप हीच थोरवी म्हणून सांगावी, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

आता पवित्र चित्रांविषयी. आठव्या व नवव्या शतकांत सम्राटांनी चित्रपूजनास बंदी केली आणि शंभराहून अधिक वर्षे, मध्ये काही काळ सोडता, त्या साम्राज्यात मोठा कलह माजला. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेने, जी आपणही मान्य करितो, निर्णय दिला की, आराधना केवळ देवाची. चित्रास द्यावयाचा तो मान, आणि तो मान चित्रातील व्यक्तीस पोहोचतो. बंदी पुन्हा आली, आणि अखेर ८४३ साली उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी सम्राज्ञी थेओदोरा हिच्या आश्रयाने चित्रे मंदिरांत परत आली. वर सांगितलेला थेओफानेस ह्याच कलहात तुरुंगात पडला आणि ८१८ च्या सुमारास सामोथ्रेस बेटावर हद्दपारीत वारला. १२ मार्च हा त्याचा स्मृतिदिन. विरुद्ध पक्षाविषयी तो इतक्या तिखट शब्दांत लिहितो की, आजचे अभ्यासक त्याचे प्रत्येक विधान पारखून घेतात, आणि ते योग्यच आहे; कारण त्या पक्षाचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नाहीसे झाले आहेत.

चित्रभक्ती कोठे उजळते आणि कोठे वाट चुकू शकते, ह्याचे दर्शन प्सेलॉस सम्राज्ञी झोए हिच्या वर्णनात घडवितो. तिने प्रभू येशूचे एक सुंदर चित्र करवून घेतले होते. ते उराशी धरून जिवंत माणसाशी बोलावे तशी ती त्याच्याशी बोले. कधी जमिनीवर पडून छाती पिटीत अश्रू ढाळी. चित्राचा रंग फिका दिसला तर ती खिन्न होऊन निघून जाई. तेजस्वी दिसला तर पुढे काय घडणार ते सम्राटास सांगे. प्सेलॉस हे डोळ्यांनी पाहत होता. तो तिची टर उडवीत नाही. देवावर तिचे प्रेम किती उत्कट होते तेही तो सांगतो. आम्हांसही त्या अश्रूंविषयी आदर वाटतो. पण रंगावरून भविष्य वाचण्याचे ते वेड, तेथे मात्र सावध झाले पाहिजे. देवाच्या मुखाकडे पाहणे एक, आणि त्या मुखावर आपल्या मागणीचे उत्तर शोधीत बसणे दुसरे.

ह्या ठिकाणी आपण मूळ प्रश्नापाशी येतो. ६२६ मध्ये नगरी वाचली. पण पुढे?

१२०४ च्या एप्रिलात ती पडली, आणि पाडली ती पवित्र भूमीसाठी म्हणून निघालेल्या क्रूसधारी सैनिकांनी. हे सैनिक आपल्या लॅटिन ख्रिस्तसभेचे होते. ही गोष्ट कॅथलिक धर्मगुरूने आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. निकेतास खोनियातेस हा थोर अधिकारी त्या दिवसांत नगरीतच होता. तो लिहितो की, महामंदिरातील अमोल वेदी फोडून वाटून घेतली गेली. लूट वाहण्यास खेचरे आत आणिली. पात्रिआर्कांच्या आसनावर एका वेश्येस बसवून तिजकडून गाणी म्हणविली. खोनियातेसचे स्वतःचे घर गेले. गरोदर पत्नी व मुले ह्यांस घेऊन तो पायी निघाला. वाटेत एका सैनिकाने एका न्यायाधीशाच्या मुलीस धरून नेले, तेव्हा ह्या निःशस्त्र मनुष्याने त्याचा पाठलाग केला, दुसऱ्या लॅटिन सैनिकांची मनधरणी करून त्यांस बरोबर घेतले आणि मुलीस सोडवून आणिले. ज्या व्हेनिसच्या मित्राने त्याच्या कुटुंबास आसरा देऊन वाचविले त्याची आठवणही तो कृतज्ञतेने लिहितो. नगराबाहेर आल्यावर मात्र त्याने जमिनीवर अंग टाकून त्या तटांस दूषण दिले : ज्यांचे रक्षण करावयाचे ते सर्व गेल्यावर तुम्ही अजून उभे कशासाठी?

पोप तिसरे इनोसंट ह्यांनी ह्या अत्याचारांचा कडक शब्दांत निषेध केला. तथापि जखम भरली नाही. २००१ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी अथेन्स येथे ह्या पापाबद्दल देवाची क्षमा मागितली. २००४ साली त्यांनी संत ग्रेगोरी नाझियान्सस व संत जॉन क्रिसोस्तम ह्यांचे पवित्र अवशेष कॉन्स्टॅन्टिनोपलचे पात्रिआर्क बार्थोलोम्यू ह्यांच्या स्वाधीन केले. आठशे वर्षांनी का होईना, अलेक्सियोसने घेतले तसे प्रायश्चित्त आपल्या ख्रिस्तसभेनेही घेतले.

शेवटचा वेढा १४५३ चा. क्रितोबुलोस नावाचा ग्रीक इतिहासकार सांगतो की, पतनापूर्वी काही दिवस लोकांनी देवमातेचे चित्र घेऊन मिरवणूक काढली असता ते अकस्मात वाहणाऱ्यांच्या हातांतून निसटून पडले व उचलता उचलेना; मग विजांचा कडकडाट होऊन गारांचा पाऊस झाला. त्याच काळचा दुसरा इतिहासकार दूकास ह्याने २९ मेच्या सकाळचे चित्र रेखाटले आहे. १४५२ च्या डिसेंबरात महामंदिरात रोमशी ऐक्याची मिस्सा झाली होती. तेव्हापासून पुष्कळांनी ते मंदिर विटाळले असे मानून तेथे जाणे सोडिले होते. तट फुटल्याची वार्ता येताच तेच लोक, स्त्रिया, पुरुष, मठवासी, मुले, त्याच मंदिराकडे धावले व दारे लावून घेतली. शत्रू एका ठरावीक स्तंभापर्यंत येईल आणि तेथे देवदूत उतरून तलवार देईल, असे एक भाकीत त्यांच्यात प्रचलित होते. देवदूत उतरला नाही. दारे फुटली. होदेगेत्रियेच्या त्या चित्राचे चार तुकडे करून लुटारूंनी वाटून घेतले, असेही दूकासच सांगतो. मंदिराची मशीद झाली; विसाव्या शतकात संग्रहालय झाले; २०२० पासून तेथे पुन्हा मशीद आहे.

बंधुभगिनींनो, ह्यावर काय म्हणावे? ६२६ मध्ये लोक अधिक पुण्यवान होते आणि १४५३ मध्ये पापी होते, असे त्या काळी कित्येकांनी म्हटले. पापांमुळे हे झाले, हे वाक्य त्या इतिहासांत वारंवार येते. जो स्वतःविषयी असे म्हणतो त्याची नम्रता आम्ही जाणतो. परंतु तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून म्हणावयाचा अधिकार आपणांस नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी जेव्हा हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. ज्या घरी मूल दगावले त्या घरी जाऊन, तुमची श्रद्धा कमी पडली असेल, असे म्हणणाऱ्याने आपली जीभ आवरावी.

उत्तराची दिशा आम्हांस प्रोकोपियसच्या एका लहानशा कथेत सापडते. ५४० साली इराणचा राजा खुस्रो सिरियातील आपामेआ नगरीवर चालून आला. तेथे पवित्र क्रूसाचा हातभर लांबीचा तुकडा सोने व रत्ने जडविलेल्या पेटीत जपला होता. मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा लोकांनी महागुरू थॉमस ह्यांस विनविले की, एकदा शेवटचे दर्शन घडवा. महागुरू क्रूस घेऊन मंदिरात फिरू लागले, आणि त्यांच्या डोक्यावर छताशी एक ज्योत सोबत चालू लागली, असे प्रोकोपियस सांगतो. मग खुस्रो आला. त्याने नगरीची सारी संपत्ती मागितली. महागुरूंनी देवळातील झाडून सर्व आणून दिले, ती पेटीही दिली, आणि एवढेच मागितले की, हे लाकूड आमच्यापाशी राहू द्या. राजाने सोने घेतले, रत्ने घेतली, आणि लाकूड ठेवून गेला.

ते लोक ज्योत पाहून आनंदले होते. तरी त्यांची संपत्ती वाचली नाही. ज्यासाठी त्यांनी सर्व सोडिले ते मात्र त्यांच्याजवळ राहिले. प्रार्थनेचे फळ कित्येकदा असे असते. मागितलेले सर्व मिळत नाही, असलेलेही जाते, आणि तरी प्रभू आपणांस सोडून गेलेला नसतो. हे म्हणणे सोपे आणि सोसणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच दुःखिताकडे नुसते हे वाक्य घेऊन जाता कामा नये. त्याच्याजवळ बसले पाहिजे.

बसणे म्हणजे काय तेही ह्या इतिहासांत आहे. ॲना सांगते की, तिच्या पित्याने राजधानीत मोठे अनाथालय नव्याने उभारिले. तेथे आंधळे, पांगळे, वृद्ध, पोरकी मुले अशी माणसे राहत, आणि धडधाकट सेवक त्यांचे हातपाय होत. प्सेलॉस सम्राट चौथा मायकल ह्याविषयी लिहितो. त्याने पापमार्गाने राज्य मिळविले होते. पुढे रोगाने जर्जर झालेला हा राजा कुष्ठरोग्यांस स्वतःच्या हातांनी स्नान घाली आणि त्यांच्या व्रणांवर ओठ टेकवी. नगरी वाचविण्यासाठी हे कोणी केले नव्हते. हे केले गेले तेवढा वेळ मात्र त्या नगरीत देवाचे राज्य होते, असे आम्ही निःशंकपणे म्हणू.

आता आपल्या घरच्या एका चित्राकडे वळू. आपणांपैकी पुष्कळजण माहीमच्या संत मायकल देवळात बुधवारच्या नोव्हेनेस गेले असाल. १९४८ पासून तेथे ती चालत आली आहे. तेथे जिची आराधना नव्हे, तर विनवणी होते, त्या निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचे मूळ चित्र रोम येथे संत आल्फोन्सस ह्यांच्या मंदिरात असून १८६६ साली पोप नववे पायस ह्यांनी ते रिडेम्पटोरिस्ट संघाच्या हवाली केले. चित्र मात्र ग्रीक परंपरेचे आहे. त्यावरील अक्षरे ग्रीक आहेत, आणि ज्या होदेगेत्रियेच्या मागून सम्राट पायी चालला तिच्याच कुळातील ते आहे. नगरी गेली, मूळ चित्राचे चार तुकडे झाले; तरी त्या भक्तीची एक शाखा आपल्या मुंबईपर्यंत पोहोचली.

पुढल्या वेळी ते चित्र नीट पाहा. दोन देवदूत बाळ येशूस क्रूस, भाला व खिळे दाखवीत आहेत. बाळ दचकून मातेच्या कुशीत आले आहे. इतक्या घाईने की, पायातील एक पादत्राण सुटून लोंबत आहे. माता देवदूतांस हाकलीत नाही. क्रूस दूर सारण्याचे सामर्थ्य ती दाखवीत नाही. तिने बाळाचे दोन्ही चिमुकले हात आपल्या हातात घेतले आहेत, आणि ती आपणांकडे पाहत आहे. फादर, देवाने का ऐकले नाही, असे विचारणाऱ्यास आम्ही ह्या चित्रापुढे घेऊन जातो.

एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. त्या इतिहासकारांनी आपल्या लोकांचे विजय लिहिले, तसे पराजयही लिहिले. मिरवणुकी लिहिल्या, तशी प्रायश्चित्तेही लिहिली. आपल्या धर्मग्रामाचे दप्तर पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती राहील त्यांनी देवळाचा रंग, घंटेचे वजन आणि वर्गणीची बेरीज अवश्य लिहावी. त्याबरोबर कोणत्या वर्षी रोगराई आली व कोण कोणाच्या दारी धावून गेले, कोणते भांडण मिटले, कोणाच्या घरी प्रार्थना करूनही दिवा मालवला आणि शेजाऱ्यांनी तेथे किती रात्री जपमाळ म्हटली, हेही लिहावे. आणि ह्या महोत्सवाच्या मिस्सेला मागच्या दाराशी कोणी उभे दिसले, तर पुढच्या बाकावरच्याने उठून त्यास आपल्या शेजारी जागा द्यावी.

देवमाता आपणां सर्वांस वाट दाखवो, आणि प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा ह्या धर्मग्रामावर अखंड राहो. आमेन.